किमान तापमान

डिसेंबरात परभणीत पहाटे पाचला
अनवाणी पाय टेकवून बघा,
मग दगडाची गोष्ट माझ्याशी बोला.

कच्छवे सरांचं घर वसमत रोडच्या आतल्या गल्लीत,
बांधकाम एकाहत्तरचं, खाली शहाबादी.
मुलीनं स्टुटगार्टहून तारांची चटई धाडली,
सतरंजीसारखी गुंडाळलेली, निळ्या खोक्यात.
फरशीखाली अंथरायची, बटण दाबायचं,
जमीन तळातून ऊब देते म्हणे.
मुलीचं नाव शीतल.
मी हसलो नाही. हसलं की माप चुकतं.

चोवीस वर्षं मी गुडघ्यांवर चालतो,
मुनीर मिस्त्री म्हणून विचारा, नानलपेठेत कुणीही सांगेल.
पण फरशी तापवायचं काम पहिलंच.
रात्रभर विचार केला.
खाली काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते.
तिच्यावर तार नुसती टाकली
तर सगळी ऊब गांडुळांना.
म्हणून आधी जाड फळी, मग तार, मग मसाला,
मग वर काय?

अंगणात चार तुकडे मांडले रात्रीच,
दवात गारठू दिले.
सर, उभं राहून बघा.

सरांनी एकतीस वर्षं विद्यापीठात पारा वाचलेला.
पांढऱ्या जाळीच्या पेटीपुढं वाकून, उजाडताच.
आजही दात घासायच्या आधी सांगतात,
“किमान पाच पूर्णांक सहा.”
चारही तुकड्यांवर उभे राहिले,
शाळेत ओळीत उभं राहावं तसे.
“सगळे सारखेच.”
मग हळू आवाजात,
“साखरेनं पाय नेलेत, मिस्त्री.
निखारा ठेवलात तरी कळायचं नाही.”

हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.
चटई आठ बाय पाच,
त्यांच्या पलंगापाशी अंथरायची ठरलेली.

तेवढ्यात प्रयागबाई आल्या,
हातात दुधाचं पातेलं, पाय उघडे.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी
जाता जाता एकेका तुकड्यावर थांबल्या.
चकचकीत टाइलवर:
“ही पापडासारखी. चटकन तापंल, चटकन निवंल.”
लाकडी पट्टीवर:
“पाटावर बसल्यागत वाटतंय. पण पाटाखालचा जाळ
वर कसा यायचा? आन् वाळवी?”
कडप्प्यावर काहीच बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली.
शहाबादीवर जरा जास्त थांबल्या.
“हिला तापायला येळ लागंल.
पण एकदा का तापली, की लाईट गेली तरी
तव्यासारखी धरून ऱ्हाईल.”

एवढा हिशोब मला रात्रभर सुटला नव्हता.
सकाळी सहा ते आठ आमच्याकडं लाईट नसते.

मग मी चटई घेऊन आत गेलो,
पलंगाकडं नाही, ओट्याकडं.
लेव्हल ठेवली. बुडबुडा सरकला.
पुन्हा ठेवली. पुन्हा सरकला.
हात फिरवला तेव्हा सापडले:
ओट्यापुढच्या फरशीला दोन खळगे,
उथळ, शेजारी शेजारी,
एकात माझी मूठ अर्धी बसेल एवढे.

सर दारात उभे होते.
“इथं किती असतं गं पहाटे?”
“किती काय?”
“तापमान.”
“आता मला काय म्हाईत,” त्या म्हणाल्या
आणि दूध गॅसवर ठेवलं.

फरशी काढली, नंबर घातले खडूनं.
ती खळग्यांची उलटी घालू का विचारलं,
खालची बाजू कोरी आहे, सपाट बसेल.
“नगं. ऱ्हाऊ द्या तशीच.
पायाला सवय हाय.”
पण दगड तिथं पातळ झालेला, तार जवळ येणार,
म्हणून मसाला थोडा जास्त भरला
आणि बटणाचा काटा सत्तावीसच्या पुढं जाऊ नये
असा बांधून टाकला.
जमीन पाऊण इंच वर आली.
दार घासत होतं, रंधा मारला.
आज्जिबात नीट काम नाही, पण टिकेल.

पंधरा दिवसांनी पैशाला गेलो.
ओट्यापाशी फरशीवर एक जुना थर्मामीटर आडवा,
शेजारी वही, वहीत दोरीला बांधलेली पेन्सिल.
सर लोकरी मोजे घालून वाकलेले,
आणि प्रयागबाई म्हणत होत्या,
“व्हा बाजूला, भाकरी करपती.”